आरोग्याचा रकाना

डॉक्टर म्वीम्बांनी हातातली बॅटरी विझवली आणि खिडकीचा पडदा बाजूला केला. मग स्टूल ओढून ते सरोजच्या अगदी समोर बसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. तेवढ्यावरूनच मला अंदाज आला.

"बामा," ते म्हणाले. तिकडे, झांबियात, आईला असं म्हणतात. "तुम्ही स्वतः नर्स होतात. तुम्हाला गोड बोलून काय सांगू?"

"नकोच सांगू," सरोज म्हणाली. "काचबिंदू आहे ना?"

"दोन्ही डोळ्यांत. कडेचं दिसणं जवळजवळ गेलंय. गेलं ते परत येत नाही."

"आणि उरलंय ते?"

"थेंब चालू ठेवले तर वर्षभर टिकेल. जास्तही टिकेल. तुमच्या देशात मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करतात, त्यानं उरलेलं कधीकधी वाचतं. कधी नाही वाचत. मी शब्द देऊ शकत नाही."

मी दाराशी उभा होतो. मी विचारलं, "हे कधीपासून आहे?"

डॉक्टरांनी सरोजकडे बघितलं. सरोजच बोलली, तीही मराठीत, डॉक्टरांना कळू नये म्हणून.

"झालं असेल वर्ष-दीड वर्ष. आधी पायरी चुकायला लागली. मग ताटातली वाटी सापडेना."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलले असते तर आपण इथं आलो असतो का?"

 

आम्ही दोघं नगर जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात नोकरीला होतो. ती बत्तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात, मी दवाखान्याचे पंप, जनरेटर आणि बॉयलर बघायला. निवृत्त झाल्यावर संडेस्कूल आणि चर्चच्या मंडळीची कामं एवढंच उरलं होतं. त्यात तिला कुठून तरी कळलं की एक संस्था निवृत्त जोडप्यांना दीड वर्षासाठी परदेशी सेवेला पाठवते. मला जायचं नव्हतं. पण तिनं अर्ज आणला, भरला, आणि माझ्यापुढे सहीला ठेवला. डोळ्यांची तपासणी झाली तेव्हा तिनं समोरच्या पाटीवरची अक्षरं धडाधड वाचली. समोरचं तिला दिसतच होतं. कडेचं कुणी विचारलं नाही.

झांबियात चोमा नावाचं गाव आहे, त्याच्या पुढे पंचवीस किलोमीटरवर आमची वस्ती होती. मे महिन्यात आम्ही पोचलो. माझं काम हातपंप दुरुस्त करणं. तिचं काम खेड्यापाड्यांतल्या सुईणींना शिकवणं. चौदा बायका होत्या. पुढच्या जूनमध्ये त्यांची परीक्षा व्हायची होती आणि पास झालेल्यांना सरकारी दवाखान्याकडून बाळंतपणाच्या सामानाची पेटी मिळायची होती.

संस्थेचा एक नियम पक्का होता. सेवा जोडीनं करायची. एकाला जमेनासं झालं तर दोघांनी परत यायचं. आणि दर महिन्याच्या शेवटी अहवाल पाठवायचा, त्यावर दोघांच्या सह्या. शेवटचा रकाना आरोग्याचा.

म्हणून ऑगस्टमधल्या त्या दिवशी सरोज डॉक्टरांना म्हणाली, "आमच्या ऑफिसला कळवू नकोस. जूनपर्यंत मला राहू दे. बाळंतपण हे हातांचं काम आहे, डोळ्यांचं नाही."

डॉक्टर म्वीम्बा पस्तिशीचे असतील. सरोज त्यांना पहिल्या भेटीपासून अरे-तुरे करायची. इंग्रजीत अरे-तुरे कसं करतात मला माहीत नाही, पण ती करायची.

ते म्हणाले, "मी डॉक्टर आहे, बामा. तुमच्या ऑफिसचा माणूस नाही. माझ्या तोंडून जाणार नाही. पण तुम्ही दोघं विचार करा."

बाहेर आल्यावर तिनं माझा हात धरला. "आणि तुम्ही?"

"मी काय?"

"शब्द द्या."

मी शब्द दिला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले असं म्हणता येणार नाही. सकाळी उठलं की आम्ही एक अध्याय वाचायचो. आधी ती वाचायची, आता मी वाचायला लागलो. मी अडखळायचो आणि ती पुढचा शब्द सांगायची, कारण तिला बराचसा पाठ होता. मग पावडरच्या दुधाचा चहा. मग मी पिकअपमधून पंपांवर जायचो आणि तिच्या बायका यायच्या. तिकडे दार वाजवत नाहीत. अंगणाच्या कडेला उभं राहून "ओडी!" म्हणून हाक मारायची. आतून आवाज आला की पुढे यायचं, गुडघे वाकवायचे आणि दोन्ही हातांनी हलक्या टाळ्या वाजवायच्या. तो तिकडचा नमस्कार. सरोज नुसत्या टाळ्यांवरून माणूस ओळखायला लागली होती. आलेल्या बाईला वाटायचं, आजीबाईंची नजर किती तेज.

तिनं जुन्या साडीची एक बाहुली शिवली होती, नाळेसकट. ती बाहुली पोटावर बांधलेल्या पिशवीतून बाहेर काढायची, कधी पायाळू, कधी मान अडकलेली. चौदा बायका एकमेकींवर पडून हसायच्या. त्यांतली बिना मुतिंटा, म्हणजे मुतिंटाची आई, सगळ्यांत वयस्क. तिला लिहिता येत नव्हतं, पण सरोजनं एकदा सांगितलेलं ती विसरत नसे.

सोमवारी सुट्टी. त्या दिवशी आम्ही काहीतरी बघायला निघायचो. चोम्यातलं म्युझियम, बाजारातल्या विणलेल्या टोपल्या, एका धरणाची भिंत. ऑगस्टनंतर बघायचं काम माझ्याकडे आलं. मी बघायचो आणि तिला सांगायचो. हे मला जमत नव्हतं.

"कसं आहे?" ती विचारायची.

"धरण आहे."

"ते मला ठाऊक आहे. कसं आहे?"

"मोठं आहे. दगडी आहे. पलीकडे पाणी आहे."

"अहो, पंप बिघडला की अर्धा तास बोलता तुम्ही. एका भिंतीबद्दल चार शब्द नाहीत?"

"व्हॉल्व्ह जुना आहे. गळतोय," मी म्हणालो, आणि ती इतकी हसली की तिथं वाटेवर टोपल्या विकत बसलेली बाई पण हसायला लागली.

तिला एकच गोष्ट खरोखर बघायची होती. लिव्हिंग्स्टन गावाजवळचा मोठा धबधबा. नर्सिंग स्कूलमध्ये असताना एका कॅलेंडरवर तिनं तो पाहिला होता, आणि झांबिया नाव ऐकल्यावर तिनं मला आधी तेच सांगितलं. संस्थेत रजेच्या तारखा निघण्यापूर्वीच भरून द्याव्या लागत. वर्षात दोनदा तीन-तीन दिवस. आम्ही नगरला जेवणाच्या टेबलावर बसून फॉर्म भरला होता. मीच म्हणालो, "ऑक्टोबर टाक. पावसाळ्यात वाटा निसरड्या असतात. रंध्याच्या धबधब्याला आपण नेहमी पावसाळा संपताना जातो ना? पाणी भरपूर आणि पायाखाली कोरडं." तिनं ऑक्टोबर लिहिलं. दुसरी रजा एप्रिलची.

सप्टेंबरात माझ्या पंपांचं पाणी खाली जायला लागलं. एका गावात शंभर दांडे मारले तेव्हा एक बादली भरली. तिकडे पाऊस नोव्हेंबरात सुरू होतो हे तोवर मला चांगलं कळलं होतं. पण मी मनाची समजूत घातली की एवढी जगात गाजलेली नदी, ती काय आमच्या ओढ्यासारखी आटणार आहे? ऑफिसला तारीख बदलून मागितली तर कारण विचारतील. आणि एप्रिलपर्यंत तिला काय दिसेल, हे कुणाला माहीत होतं? मी कुणाला काही विचारलं नाही.

बसनं चार तास लागले. उन्हानं बसचा पत्रा भाजत होता. सरोजनं निळी साडी नेसली होती आणि डब्याची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती, चपात्या आणि बटाट्याची भाजी. रस्त्यात तिनं तीनदा विचारलं, "आवाज यायला लागला का? म्हणतात लांबून येतो."

"अजून नाही."

तिकीट काढून आत गेलो. झाडांमधली पायवाट होती. मी तिचा हात धरला होता. वाट संपली, कठडा आला आणि समोर दरी उघडली.

समोर काळा खडक होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत उभा, कोरडा खडक. पाणी नव्हतं.

"आलो का?" सरोजनं विचारलं.

"आलो."

"आवाज का नाही येत?"

 शेजारी एक गाईड सावलीत बसला होता. तो उठून आला आणि आपणहून म्हणाला, "मॅडम, चुकीच्या महिन्यात आलात. मार्च-एप्रिलमध्ये या, इथं उभं राहिलात तर भिजून जाल. आता नुसती भिंत आहे."

सरोजनं मान माझ्याकडे वळवली. मग मला म्हणाली, "रंध्याच्या हिशेबानं आलो होय आपण?"

"माझी चूक."

"फॉर्म मी भरला. अर्धी माझी." तिनं कठडा चाचपला. "अगदीच काही नाही का हो? एक थेंब पण नाही?"

मी नीट बघितलं. पार लांब, पलीकडच्या देशाच्या बाजूला, खडकावरून एक पांढरी धार पडत होती. एकच. इथून धोतराच्या काठाएवढी दिसत होती. मी सरोजच्या मागे उभा राहिलो, तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि हळूहळू त्या बाजूला वळवलं. दुर्बीण वळवावी तसं.

"थांबा," ती म्हणाली. "थांबा, हलवू नका. दिसली."

"दिसली?"

"सगळी दिसली. वरून सुटते तिथपासून खाली जाते तिथपर्यंत." ती अगदी हळू बोलत होती. "बरं झालं हो ऑक्टोबरात आलो. सगळा धबधबा असता तर माझ्यात मावला नसता. ही धार मावते."

तिचा चेहरा मी मागून बघू शकत नव्हतो. पण तिचं डोकं माझ्या हातात होतं आणि ते जरासुद्धा हलत नव्हतं. बराच वेळ आम्ही तसे उभे राहिलो. गाईड आमच्याकडे बघत होता. बघू दे म्हटलं.

मग एका दगडी बाकावर बसलो. मी पाण्याची बाटली भरायला नळावर गेलो, पंधरा-वीस पावलं. वळून बघतो तर बाकावर सरोजच्या डाव्या बाजूला एक बबून, तिकडचं दांडगं माकड, येऊन बसला होता. मोठा नर. आमच्या कमरेपर्यंत येईल एवढा. त्याचा खांदा आणि तिचा खांदा, मध्ये एक वीत सुद्धा नसेल. तो तिच्याकडे बघत होता आणि ती समोर, धार होती त्या दिशेला, हसऱ्या चेहऱ्यानं बघत होती.

मला ओरडता येईना. ओरडलो तर तो बिथरेल, चावेल. त्यानं सावकाश हात लांब केला, डब्याची पिशवी उचलली, पुन्हा एकदा तिच्या तोंडाकडे बघितलं आणि उतरून झाडीत निघून गेला. तिची मान वळली नाही.

मी जवळ आलो. ती म्हणाली, "आलात? चला, खाऊन घेऊ." आणि डावा हात पिशवीकडे नेला. बाक चाचपला. पुन्हा चाचपला. "अहो, पिशवी तुम्ही नेलीत का?"

"माकड घेऊन गेलं."

"कधी?"

"आत्ता. तुझ्या शेजारी बसलं होतं."

"काहीतरीच. मला कळलं नसतं का?"

 तिचा हात बाकावर तसाच राहिला. मग ती हसायला लागली. "बघा, भाजीत मीठ कमी झालं होतं. आता शिव्या देत असेल मला." आणि आणखी हसली. मलाही हसायला सांगायला लागली. मी हसलो.

तोवर मला वाटत होतं की तिला कडेचं थोडं तरी दिसतं. मला वाटत होतं, मी तिच्या सोबत राहतो, मला माहीत आहे. मला काही माहीत नव्हतं. त्या बाकावर माकडाच्या जागी आणखी कुणीही असतं, विस्तव असता, दरीची कड असती, तरी ती तशीच हसत समोर बघत बसली असती.

परत आल्यावर बिना मुतिंटानं विचारलं, "कसा होता धबधबा?"

"कोरडा," सरोज म्हणाली. "तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं की. ऑक्टोबरात तिथं काय असतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाही, बामा. मोठी माणसं आहात. म्हटलं, तुमच्याकडे खडक बघायला जात असतील."

सगळ्या बायका टाळ्या पिटून हसल्या. सरोज सगळ्यांत जास्त.

महिन्याचा शेवट आला. अहवाल आता मीच लिहायचो, कारण तिच्या ओळी खाली घसरायला लागल्या होत्या. लिहून झाला की मी तिला वाचून दाखवायचो आणि सहीच्या जागी तिचं बोट टेकवायचो. वाचायचं तिनं सोडलं होतं. एकेक अक्षर शोधत गेलं की डोकं दुखायचं.

दुपारची वेळ होती. तिच्या बायका नुकत्याच गेल्या होत्या. बाहुली टेबलावरच पडली होती. मी टेबलाच्या या बाजूला, ती त्या बाजूला.

"वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं. हातपंप दुरुस्त, अकरा. सुईणींचे वर्ग, सोळा. उपस्थिती, चौदापैकी चौदा.

"आणि आरोग्य?"

"दोघांचंही उत्तम," मी म्हणालो.

त्या रकान्यात मी तसं लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं की पत्नीला काचबिंदू आहे, नजर झपाट्यानं जात आहे, भारतात ऑपरेशन झालं तर काही वाचू शकेल, आम्हाला परत बोलवावं. माझं इंग्रजी मोडकं आहे, पण एवढं मला लिहिता आलं.

"कुठं करू?" तिनं विचारलं.

मी तिचं बोट धरलं आणि जागेवर टेकवलं. तिनं सही केली. सरोजिनी शांतवन अमोलिक, पूर्ण नाव, ती नेहमी करायची तसं.

बारा दिवसांनी फोन आला. मीच घेतला. पंधरा तारखेची तिकिटं काढली होती. दुसरं जोडपं पाठवायला माणसं नव्हती, म्हणून वर्ग तूर्त बंद.

मी तिला सांगितलं तेव्हा ती शेगडीशी होती. तिनं शेगडी बंद केली आणि खाली बसली.

"कुणी कळवलं?"

मी पाण्याचा पेला तिच्या हाताशी ठेवला.

"म्वीम्बानं," ती म्हणाली. "दुसरं कोण? तिघांनाच माहीत होतं." थोड्या वेळानं म्हणाली, "लेकरू म्हणत होते मी त्याला."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. हो म्हणालो नाही, नाही पण म्हणालो नाही. मला वाटलं, विमानात सांगू. ऑपरेशन झाल्यावर सांगू. नजर वाचली की ती स्वतःच म्हणेल, बरं केलंत.

निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टर म्वीम्बा चोम्याहून आले. अंगणाच्या कडेला उभे राहून त्यांनी "ओडी!" म्हटलं. सरोज खुर्चीत बसली होती. तिनं आवाज ओळखला. तिनं उत्तर दिलं नाही. मीच त्यांना या म्हणालो. ते पुढे आले, एवढे शिकलेले डॉक्टर, तिच्यासमोर मातीत गुडघे टेकून बसले आणि टाळ्या वाजवल्या. मोठ्या माणसाला करतात तसा पूर्ण नमस्कार.

उलट टाळ्या वाजवायच्या असतात. सरोजनं हात मांडीवरच ठेवले.

त्यांनी पुन्हा वाजवल्या. मग त्यांचे हात थांबले. त्यांनी वर माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.  ते म्हणाले, "बामा, सुखानं जा," आणि उठले. गाडीपर्यंत मी त्यांच्यासोबत गेलो. मला वाटलं ते विचारतील. त्यांनी थेंबांच्या चार बाटल्या माझ्या हातात दिल्या, दोन वेळा टाकायचे म्हणून सांगितलं आणि गाडी सुरू केली.

ऑपरेशन पुण्याला झालं. एका डोळ्याचं आधी, मग दुसऱ्याचं. डॉक्टरांनी सगळं केलं. पुढच्या ऑगस्टपर्यंत दोन्ही डोळे गेले. म्वीम्बा म्हणाले होते तेवढंच वर्ष. जूनपर्यंत ती तिथं राहिली असती तर परीक्षा झाली असती.

त्यानंतर सहा वर्षं ती होती. घरात सगळीकडे फिरायची, भाकरी स्वतः थापायची, उपासनेत पुढच्या बाकावर बसून गायची. त्या चौदा जणींची नावं ती रोजच्या प्रार्थनेत घ्यायची, एकेक करून. पंधरावं नाव, म्वीम्बांचं, घ्यायची नाही. दर नाताळाला म्वीम्बांचं पत्र यायचं. मी पाकीट फोडायला लागलो की विचारायची, "कुणाचं?" आणि मी सांगितलं की म्हणायची, "नका वाचू." मी नंतर एकटा वाचायचो. त्यात त्या गोष्टीबद्दल कधी एक अक्षर नसायचं. बामांना नमस्कार सांगा, एवढंच. तो मी सांगितला नाही.

दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, ती गेली. सकाळचा अध्याय चालू होता. मी अडखळलो आणि पुढचा शब्द आला नाही.

तिला सांगायचं राहून गेलं ते आता सांगता येत नाही. म्वीम्बांची दोन पत्रं त्यानंतर आली आहेत. दोन्हींत त्यांनी बामांचे डोळे कसे आहेत म्हणून विचारलंय. ती गेली, हे मी त्यांना अजून कळवलेलं नाही. ती जाईपर्यंत त्यांनाच दोष देत होती आणि मी ऐकत होतो, हेही लिहिलेलं नाही.